वाट अडली का, एवढंच विचारा

१२ एप्रिल २००८ची रात्र. बारा वाजायला थोडा वेळ असताना वॉशिंग्टनमधल्या जेफरसन स्मारकात अठरा जण जमले. काही मिनिटांत थॉमस जेफरसन यांचा २६५वा जन्मदिवस सुरू होणार होता आणि त्यांना तो नाचून साजरा करायचा होता. प्रत्येकाच्या कानात आपापलं संगीत होतं, बाहेर कसलाही आवाज नव्हता. पोलिसांनी त्यांना थांबायला सांगितलं. एका तरुणीने कारण विचारलं आणि तिला अटक झाली. तिने दावा लावला. मे २०११मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला. स्मारकाच्या आतलं गंभीर वातावरण राखणं हा सरकारचा रास्त हेतू आहे, आणि ज्या वर्तनाने बघे जमण्याची शक्यता असते ते ‘निदर्शन’ या सदरात मोडतं, म्हणून तिथे नाचायला मनाई करता येते, असं न्यायालयाचं म्हणणं. महिनाअखेरीस निषेध म्हणून काही जण पुन्हा तिथे नाचले. त्यातल्या पाच जणांना पकडण्यात आलं.

स्मारकाला शांतता हवी, हे मला मान्य आहे. मला बोचतो तो निकष. त्या रात्री कुणाला जाता-येताना अडचण झाली, कुणाच्या कानावर काय पडलं, कुणाला डोळे मिटून उभं राहायचं होतं आणि राहता आलं नाही, यावर तो निकष उभा नाही. नाचाकडे कुणाचं तरी लक्ष जाईल, एवढी शक्यता त्याला पुरते. सार्वजनिक जागेतल्या नृत्याला परवानगी देणाऱ्या कचेऱ्या बहुतेक ठिकाणी असाच विचार करतात. हालणारं शरीर दिसलं की गर्दी होणार, गर्दी झाली की गोंधळ होणार, म्हणून आधी अर्ज, मग ना-हरकत दाखला, मग अनामत रक्कम. आणि ज्या कार्यक्रमासाठी मैदान आठवडाभर पत्रे ठोकून बंद केलं जातं, त्याची कागदपत्रं पूर्ण असतात म्हणून तो रीतसर ठरतो.

हे उलटं व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सार्वजनिक जागेत नाचणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: तुझ्या नाचाने दुसऱ्या कुणासाठी ही जागा बंद होते का? होत नसेल तर परवानगीची गरज नाही. होत असेल तर ज्यांच्यासाठी ती बंद होते त्यांना उत्तर द्यावं लागेल, मग रचना कितीही मोठी, नामवंत आणि निमंत्रित असो.

हा प्रश्न मी कायद्याच्या पुस्तकातून उचललेला नाही. जागेसाठी रचलेलं नृत्य, ज्याला स्थलविशिष्ट नृत्य म्हणतात, त्याच्या पोटातच तो आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये लुसिंडा चाइल्ड्स यांनी एक छोटी रचना केली. प्रेक्षक वरच्या मजल्यावरच्या खोलीत खिडकीशी उभे. खाली रस्त्यावर दोन नर्तक, ये-जा करणाऱ्यांत मिसळून गेलेले. खोलीत लावलेल्या ध्वनिमुद्रणातला आवाज समोरच्या इमारतींचे बारकावे सांगत होता आणि खाली नर्तक नेमक्या त्याच गोष्टींकडे निर्देश करत होते. रस्त्यावरून जाणाऱ्याला इथे काही चाललंय याचा पत्ताही नसावा, आणि वर खिडकीत उभ्या असलेल्यांना मात्र रोजचा रस्ता पहिल्यांदा दिसत असावा. अशा नाचासाठी परवानगी मागायची तरी कशाची? रस्त्यावर उभं राहून भिंतीकडे बघण्याची?

सहा वर्षांनी, १९७०मध्ये, ट्रिशा ब्राउन यांनी त्याच शहरातल्या वूस्टर स्ट्रीटवर दोर आणि गिर्यारोहकाचे पट्टे बांधून एका माणसाला सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली चालवत आणलं. चालवत म्हणजे अक्षरशः चालवत: भिंतीशी काटकोनात, चेहरा जमिनीकडे, एकामागून एक पाऊल. त्यात ना गिरकी होती ना मुद्रा. पुढच्या वर्षी त्यांनी नर्तकांना अनेक इमारतींच्या गच्च्यांवर उभं केलं. पहिल्याने केलेली हालचाल दुसऱ्याने लांबून पाहून करायची, दुसऱ्याची तिसऱ्याने. अंतर वाढत गेलं तशी हालचाल बोथट होत, बदलत गेली. त्या रचनेचा विषयच तो होता: लांबून पाहिलेल्या गोष्टीचं काय होतं. सभागृहात ती करता येणार नाही, कारण सभागृहात तेवढं अंतरच नसतं.

जागा नेपथ्य म्हणून वापरणं आणि जागेतून नाच काढणं यांतला फरक इथे आहे. खजुराहोला १९७५पासून नृत्य महोत्सव होतो, मंदिरांच्या सान्निध्यात उत्तमोत्तम कलावंत नाचतात. ते नृत्य कमी दर्जाचं नाही, पण त्यातल्या बहुतेक रचना उचलून दुसऱ्या मंचावर नेता येतात आणि त्यांचं फारसं बिघडत नाही. साशा वाल्ट्झ यांनी १९९९मध्ये बर्लिनच्या ज्यू संग्रहालयाच्या नव्या इमारतीत जे केलं ते असं हलवता येत नाही. एकही वस्तू मांडली गेली नव्हती. तिरक्या भिंती, चिंचोळ्या खिडक्या, कुठेच न पोचणारे कोपरे, आणि त्यांत माणसं. संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं ते २००१मध्ये. त्याआधी त्या रिकामपणाचा अर्थ शरीरांनी शोधला होता.

असं काम करणाऱ्यांची सुरुवात नाचापासून होत नाही, बसून राहण्यापासून होते. माणसं कुठे वळतात, कुठे थबकतात, कुठल्या बाजूला कुणीच का जात नाही, दुपारी चारला सावली कुठवर येते, दगड किती तापतो. काँक्रीट लवत नाही. नाट्यगृहातली लाकडी जमीन उडी झेलते, पदपथ ती गुडघ्यात परत पाठवतो. म्हणून उड्या कमी होतात, वजन भिंतीवर, कठड्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर जातं. विंग नसते, त्यामुळे प्रवेश गर्दीतूनच करावा लागतो आणि बाहेरही गर्दीतूनच पडावं लागतं. वाहनांच्या आवाजात संगीत हरवतं, तेव्हा मात्रा श्वासावर मोजायच्या आणि इशारा डोळ्यांनी द्यायचा. या सगळ्यात जागा नर्तकाला सतत सांगत असते की तू इथे एकटा नाहीस. ज्याने ते ऐकलं नाही, त्याने नाच आपल्या घरून आणून इथे ठेवला, इतकंच म्हणता येईल.

ते ऐकायला मी फार उशिरा शिकले. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच जणी एका सार्वजनिक जिन्यावर रचना बसवत होतो. जिना सुंदर होता, रुंद, मधे दोन टप्पे असलेला. परवानगीचं पत्र आमच्याकडे होतं, शिक्क्यासकट. तिसऱ्या दिवशी तालमीच्या मध्यावर माझी नजर वर गेली. वरच्या टप्प्यावर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन एक वयस्क बाई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. आम्ही पूर्ण रुंदी व्यापली होती. त्यांनी हाक मारली नाही, त्या थांबून राहिल्या, कारण काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं त्यांना वाटलं असावं. एका बाजूचा कठडा धरल्याशिवाय त्यांना उतरता येत नव्हतं, आणि नेमका तोच कठडा आमच्या रचनेचा केंद्रबिंदू होता. आम्ही बाजूला झालो, त्या ‘राहू दे, राहू दे’ म्हणत उतरल्या. माझ्या खिशातलं पत्र त्या क्षणी मला फार हलकं वाटलं. ज्या कचेरीने ते दिलं तिने आमची संख्या विचारली होती, ध्वनिक्षेपक आहे का हे विचारलं होतं, कपडे कसे असतील हेसुद्धा विचारलं होतं. कठडा कुणाला लागतो, हे विचारलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही नाचलो नाही, मोजत बसलो. कठड्यालगतची वाट सोडली आणि उरलेल्या रुंदीत रचना पुन्हा बांधली. ती आधीपेक्षा चांगली झाली, कारण आता उतरणारी प्रत्येक व्यक्ती तिच्यातून जात होती आणि आमची हालचाल त्या उतरण्याला जागा करून देण्यातून घडत होती.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. वाट अडली नाही तरी नजर अडते ना? नाट्यगृहात माणूस तिकीट काढून, ठरवून जातो. रस्त्यावरच्या वाटसरूने काहीच ठरवलेलं नसतं. त्याच्या डोक्यात दवाखान्याचा अहवाल असेल, नोकरी गेल्याची चिंता असेल. त्याच्यापुढे तुमची कला लादायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

या आक्षेपाचं उत्तर मला आयको ओताके यांच्या कामात सापडतं. २०१४मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या थर्टिएथ स्ट्रीट रेल्वे स्थानकाच्या मोठ्या दालनात तासन्‌तास एकट्या नाचल्या. अतिशय संथ, कधी जमिनीलगत, कधी नुसत्या उभ्या. त्याच वर्षी त्यांनी फुकुशिमा भागातल्या, २०११च्या अणुदुर्घटनेनंतर ओस पडलेल्या स्थानकांतही स्वतःचं शरीर नेऊन ठेवलं होतं आणि छायाचित्रकार विल्यम जॉन्स्टन यांनी त्याची चित्रं घेतली होती. एका स्थानकात गाड्या येत-जात आहेत, दुसऱ्यात त्या यायच्या थांबल्या आहेत. फिलाडेल्फियात ज्याला गाडी पकडायची होती तो वळसा न घालता निघून जाऊ शकत होता. दालन भव्य होतं आणि ती एक बाई होती. बघणं आणि न बघणं दोन्ही सारख्याच सोपेपणाने शक्य ठेवणं, ही मला अशा नृत्याची पहिली नैतिक अट वाटते. ध्वनिक्षेपक लावला की ती अट मोडते, कारण कानाला पापणी नसते. म्हणून माझ्या निकषात आवाज हाही जागा व्यापतो. दोनशे फूट लांबवर ऐकू येणारा नाच दोनशे फूट जागा घेतो, मग नर्तक एका चटईवर का असेनात.

काही जागांना शांतता सगळ्यात आधी लागते: दफनभूमी, रुग्णालयाचं आवार, जिथे माणसं कुणाच्या तरी आठवणीने येतात अशी स्मारकं. तिथे लक्ष विचलित होणं हेच वाट अडणं आहे, हे मी मान्य करते. पण मग तो नियम सगळ्यांना सारखा हवा. शाळेच्या सहलीचा गलका चालतो, हात पसरून छायाचित्रं काढणं चालतं आणि मध्यरात्रीचा निःशब्द नाच चालत नाही, असं असेल तर रोख आवाजावर नसून नाचावर आहे. नाचाकडे असं वेगळं बोट दाखवण्याची सवय जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२६च्या कायद्याने मद्यालयात किंवा उपाहारगृहात लोकांना नाचू द्यायचं तर मालकाला वेगळा परवाना लागे. तो कायदा रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं. जपाननेही नृत्यगृहांवरचे १९४८पासूनचे निर्बंध २०१५मध्ये सैल केले. खाणं, पिणं, गाणं चालत असताना शरीर तालावर हललं की शासनाला त्यात वेगळा धोका दिसावा, याचं समाधानकारक कारण मला कुठेही वाचायला मिळालेलं नाही.

आणि नाच म्हणजे काय, हे ठरवणार कोण? १७ जून २०१३ला इस्तंबूलच्या तक्सिम चौकात एर्देम गुंदूज नावाचा एक नर्तक आणि नृत्यरचनाकार येऊन उभा राहिला. शेजारच्या गेझी उद्यानातून निदर्शकांना पोलिसांनी नुकतंच हुसकावलं होतं आणि चौकात जमायला बंदी होती. तो हात खिशात घालून, अतातुर्क सांस्कृतिक केंद्राकडे तोंड करून उभा राहिला. बोलला नाही, हलला नाही, कित्येक तास. हळूहळू इतर लोक येऊन तसेच उभे राहिले. पोलिसांनी त्याची झडती घेतली. पुढे त्यांनी उभं राहणाऱ्या काहींना ताब्यात घेतलं, पण कशाबद्दल हे सांगणं अवघड होतं. कारण चौकात उभं राहणं हा चौकाचा साधा वापर आहे. नृत्याचं शिक्षण घेतलेल्या शरीरालाच हे सुचावं आणि झेपावं, यात मला नवल वाटत नाही. तासन्‌तास स्थिर उभं राहणं ही अत्यंत कठीण हालचाल आहे. नृत्याची व्याख्या करून त्यावर नियम लावू पाहणारा अधिकारी अशा माणसापुढे हतबल होतो. अडथळ्याची व्याख्या करणारा होत नाही. तिथे बघायचं एवढंच की लोकांना जायला वाट होती का. ती होती.

आता ज्यांच्याकडे सगळे परवाने असतात त्यांच्याकडे वळते, कारण माझा खरा राग तिकडे आहे. न्यूयॉर्कने १९६१च्या बांधकाम नियमांत विकासकांना एक सवलत दिली: इमारतीच्या पायथ्याशी लोकांसाठी मोकळी जागा सोडा आणि त्या बदल्यात जास्त चटईक्षेत्र घ्या. अशा खाजगी मालकीच्या सार्वजनिक जागा आता जगातल्या अनेक शहरांत आहेत. नकाशात त्या लोकांच्या असतात, प्रत्यक्षात नियम सुरक्षारक्षकाच्या तोंडी असतो. तिथे एखादी मुलगी कट्ट्यावर पाठ टेकून सरावाच्या चार हालचाली करू लागली की तिला उठवतात. त्याच कट्ट्यावर मालकाने बोलावलेल्या कंपनीचा झगमगता कार्यक्रम होतो, दोऱ्या बांधून, निमंत्रितांसाठी खुर्च्या टाकून, आणि वर्तमानपत्रात ‘कला लोकांपर्यंत पोचली’ असं छापून येतं. लोक दोरीच्या पलीकडे असतात. कला पोचली नाही, जागा गेली.

मोठी रचना नेहमीच अशी असते असं नाही. ब्रुकलिनमधला मॅकॅरन तलाव १९३६ साली पोहण्यासाठी बांधला गेला आणि १९८४मध्ये बंद पडला. वीस वर्षं कोरडा, पडीक. २००५मध्ये नोएमी लाफ्रान्स यांनी त्या रिकाम्या तलावात भव्य नृत्यरचना केली. मग तिथे संगीताचे कार्यक्रम होऊ लागले आणि अखेर २०१२ साली दुरुस्ती होऊन तलावात पुन्हा पाणी आलं, मुलं पोहू लागली. बंद जागा नाचाने उघडली याचं हे उदाहरण आहे आणि मी ते आनंदाने देते. पण २००५मध्येच त्या परिसराची बांधकाम नियमावली बदलली होती आणि नदीकाठी उंच इमारतींना वाट मोकळी झाली होती. भाडी वाढत असलेल्या वस्तीत कलावंत आले की तिची किंमत आणखी वाढते, हे कलावंतांनाही माहीत असतं. त्या एका रचनेवर याचं खापर फोडणं अन्यायाचं होईल. तरी जागा कुणासाठी उघडली आणि कुणाला लवकरच तिथे राहणं परवडणार नाही, हे नाच ठरवतानाच विचारायला हवं. जागेला इतिहास असतो म्हणून तिथे नाचायचं, आणि त्या जागेतल्या आजच्या माणसांकडे बघायचं नाही, हे मला पटत नाही. रात्री तिथे झोपणारा माणूस, टोपली घेऊन बसणारी बाई, सायकल शिकणारी मुलं हीसुद्धा ती जागाच आहे. ‘जागा स्वच्छ करून देतो’ असं आयोजक म्हणतात तेव्हा ते यांनाच हलवत असतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला विली डॉर्नर यांची २००७पासून अनेक शहरांत झालेली रचना आहे. रंगीबेरंगी कपड्यांतली माणसं दाराच्या चौकटीत, भिंत आणि खांबाच्या फटीत, बाकाखाली स्वतःला अक्षरशः कोंबतात. काही क्षण तशीच राहतात आणि पुढच्या फटीकडे पळतात. प्रेक्षक मागोमाग चालतात. त्यांनी व्यापलेली जागा कुणीच वापरत नव्हतं. शहरात किती कोपरे असे उरलेले आहेत आणि माणसाला कुठे कुठे मावावं लागतं, हे त्या दबलेल्या पाठी आणि दुमडलेल्या माना पाहून पोटात कळतं.

धोका असेल तिथे परवानगी लागणारच. दोरावर लटकून भिंतीवर नाचायचं तर गच्चीवरचा आधार कुणीतरी जाणकाराने तपासायला हवा, खाली पडू शकणाऱ्या वस्तूचा विचार हवा. त्यावर वाद नाही. नर्तकाचं मानधन, विमा, उन्हातल्या तालमीचे तास हे सगळं आयोजकावर बंधनकारक असावं. ‘खुल्या जागेत आहे, तिकीट नाही’ म्हणून नर्तकांना फुकट नाचवण्याची पद्धत संतापजनक आहे.

बाकीच्यांसाठी व्यवस्था सोपी असू शकते. वाट मोकळी, आवाज वाढवलेला नाही, काही उभारलेलं नाही, अशा नृत्यासाठी एक पानाची सूचना द्यावी आणि तिची पोच मिळावी. पोच मी मुद्दाम म्हणते. चौकात एकटी नाचणारी मुलगी पोलिसापेक्षाही भोवती जमलेल्या टोळक्याला जास्त घाबरते. ती इथे हक्काने आहे असं सांगणारा कागद तिच्या हातात असावा. मंजुरीचा कागद तिला रोखण्यासाठी वापरता येतो, पोचेचा येत नाही. आणि ज्यांना जागा बंद करायची आहे, त्यांनी किती चौरस फूट, किती तास आणि त्या काळात तिथल्या लोकांची पर्यायी सोय काय, हे त्या जागेवरच, तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत आधी लावावं. हरकत घ्यायला वेळ द्यावा. हरकत आली तर उत्तर द्यावं.

पोर्टलंडमध्ये १९७० साली लॉरेन्स हॅल्प्रिन यांच्या कार्यालयाने आखलेलं एक कारंजं खुलं झालं. काँक्रीटचे मोठमोठे ठोकळे, पायऱ्या, त्यांवरून कोसळणारं पाणी, आणि माणसांनी त्यात उतरावं, चढावं, भिजावं अशीच बांधणी. हॅल्प्रिन यांच्या पत्नी ॲना नृत्यरचनाकार होत्या. घराजवळच्या झाडांत त्यांच्यासाठी लाकडी चौथरा बांधण्यात आला होता आणि त्यावर त्या वर्षानुवर्षं नाच शिकवत होत्या. माणसं जागेतून कशी हलतात याचा विचार त्या संसारात दोन्ही बाजूंनी चालू होता. २००८मध्ये नर्तक त्या कारंज्यावर रीतसर रचना करायला आले, तेव्हा लोक जवळजवळ चार दशकं त्या पाण्यात, त्या ठोकळ्यांवर, कुणालाही न विचारता तोल सांभाळत चालत होते.